तंबू, डेरा आणि पाल



काही काठ्या, काही दोर, चार मेखा आणि वर ताणलेले कापड, एवढीच तंबूची सामग्री. परंतु या कापडी निवाऱ्याला मराठीत एकच नाव नाही. आत कोण राहतो, यावरून त्याचे नाव ठरते. सैनिक राहतो ती राहुटी. सरदाराचा असतो तो डेरा. दरबारासाठी वा समारंभासाठी उभारतात तो शामियाना. बाजूंना आडोसा म्हणून लावलेली कापडी भिंत ती कनात. आणि एका आडव्या काठीवर कापड टाकून दोन्ही अंगांना उतरते केले, पुढचे तोंड उघडे ठेवले, की झाले पाल. तंबू हा या सर्वांना पोटात घेणारा शब्द होय.

यांतील बहुतेक शब्द आपल्या नित्याच्या बोलण्यात लष्कराच्या मागून आले. शतकानुशतके येथील सैन्ये मुलूखभर फिरत आणि त्यांच्याबरोबर कापडाची नगरेच्या नगरे फिरत. १६८९ साली संताजी घोरपड्यांनी औरंगजेबाच्या छावणीवर छापा घालून त्याच्या डेऱ्याचे सोन्याचे कळस कापून नेले, ही कथा मराठी घराघरांत सांगितली जाते. तिचे मर्म हेच, की बादशहाचा डेरा म्हणजे त्याचे सिंहासनच होते. लढाया संपल्या, शब्द मात्र राहिले. आजही पाहुणा ‘डेरेदाखल’ होतो, बातमी ‘सरकारी गोटातून’ येते, आणि विस्तारलेल्या आंब्याला आपण ‘डेरेदार’ म्हणतो.

छावणी ही उठण्यासाठीच पडलेली असते. पण काही छावण्या उठल्याच नाहीत. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला. त्या तळाचे शहर झाले आणि नाव राहिले लष्कर. हैदराबादकर सिकंदराबादेला लष्कर म्हणत आले. इंदूरला छावणी आहे, बेळगावला कॅम्प आहे. पक्क्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या कुटुंबांचा पत्ता अशा रीतीने अजून तंबूचाच आहे!

इंग्रजी ‘टेंट’ हा शब्दही आपल्याला वाटतो तितका परका नाही. तो ज्या लॅटिन धातूपासून निघाला, त्याचा अर्थ ताणणे. संस्कृतातील ‘तन्’ हा त्याचाच सगोत्र. तंतू, वितान आणि आपले ‘ताणणे’ ही सारी त्याच घराण्यातली. क्रिकेटच्या वर्णनात बाद झालेला फलंदाज ‘तंबूत परतला’ असे आपण वाचतो. तेथील ‘पॅव्हेलियन’ आज विटा-सिमेंटचे असते, म्हणून कोणी या शब्दाला हसेल. पण पॅव्हेलियन म्हणजे मूळचा तंबूच. लॅटिनमध्ये ‘पापिलिओ’ म्हणजे फुलपाखरू. दोन्ही बाजूंना पसरलेले कापड पाहून रोमन लोकांनी ते नाव तंबूला दिले.

आम्हा ख्रिस्ती लोकांच्या धर्मग्रंथात तर तंबूला फार मोठे स्थान आहे. अब्राहाम आयुष्यभर डेऱ्यांत राहिला. मिसर देशातून सुटलेल्या इस्राएल लोकांनी अरण्यात देवासाठी निवासमंडप उभारला तोही कापडाचाच. त्यावरील आच्छादन बकऱ्यांच्या केसांच्या अकरा पडद्यांचे होते. संत पौल करिंथ शहरात राहिला तो तंबू तयार करण्याच्या धंद्यावर पोट भरून. चर्चमध्ये पवित्र प्रसाद ज्या पेटीत ठेवतात, तिचे लॅटिन नाव ‘तबेर्नाकुलुम’, म्हणजे तंबू. संत योहानाने शब्द देही झाला आणि आपल्यामध्ये राहिला असे सांगताना जे ग्रीक क्रियापद योजले आहे, त्याचा मूळ अर्थ ‘तंबू ठोकला’ असा आहे. देवालाही तंबूत राहणे कमीपणाचे वाटले नाही.

माणसांच्या कायद्याला मात्र ते खटकले. डेरा आणि शामियाना यांना मान मिळाला. पाल संशयाचे धनी झाले. १८७१ च्या कायद्याने कित्येक भटक्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरविले. त्यांच्या माणसांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे, परवान्यावाचून गाव सोडता येत नसे. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. परंतु गावाबाहेर पाले पडली की कड्या-कुलपे तपासण्याची सवय कायद्याबरोबर गेली नाही.

अशा पालातले मूल शाळेत येते तेव्हा नोंदवहीत पत्त्याचा रकाना असतो आणि लिहिणाऱ्याचा हात थबकतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारण्यास मनाई केली आहे. तेव्हा दाखल्याची अडचण पुढे करण्याचे कारण उरलेले नाही. त्या रकान्यात ‘राहण्याचे ठिकाण नाही’ असे लिहिणे खोटे होईल. आईने जेथे चूल मांडली, रात्री जेथे अंथरूण घातले, ते त्याचे घर. त्याला मराठीत नाव आहे. गावाचे नाव घालावे आणि पुढे स्वच्छ अक्षरात लिहावे: पाल.