एक मोटर, चार वॉल : जर्मनीतली हीटिंग, ठिबकवाल्याच्या नजरेतून

ज्यांचा डेटा संपलाय किंवा जे लेक्चरला बसून गुपचूप वाचतायत, त्यांच्यासाठी हा भाग इथे लिहून ठेवलाय. बोलण्यातले 'अं' आणि 'हां' तेवढे काढलेत, बाकी बोललो तसंच.

मी पालीतून बोलतोय. बीडहून मांजरसुंब्याकडे निघालं की बिंदुसरा प्रकल्पाजवळचं आमचं गाव. ऑक्टोबर चालू आहे, डोक्यावर पंखा तीनवर आहे, आणि आजचा विषय आहे घर गरम कसं ठेवायचं! हसू नका. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवण्याचा करार केला. तेव्हापासून जर्मन शिकणारे आपले श्रोते वाढलेत. नर्सिंगवाले आहेत, इलेक्ट्रिशियन आहेत, ड्रायव्हर आहेत. काही जण पोचलेसुद्धा. आणि तिकडे ऑक्टोबर लागला की मेसेज सुरू होतात : "भाऊ, रेडिएटरला स्मार्ट व्हॉल्व्ह बसवू का? कोणता घेऊ?"

माझा धंदा ठिबकच्या फिटिंगचा. ताई स्टुटगार्टजवळच्या एका गावात नर्स आहे. तिच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमधले चार व्हॉल्व्ह मी इथून व्हिडिओ कॉलवर बसवून घेतलेत. त्यामुळे जे सांगतो ते पाईप आणि वॉल कळणाऱ्या माणसाच्या अंगाने सांगतो.

आधी तिकडची रचना समजून घ्या. बिल्डिंगच्या तळघरात एक मोठा बॉयलर असतो. तो पाणी तापवतो, पंप ते पाणी पाईपने घराघरात फिरवतो, आणि प्रत्येक खोलीत खिडकीखाली लोखंडी पत्र्याचा एक चपटा डबा असतो, तो रेडिएटर. गरम पाणी त्यातून जातं, खोली तापवतं, गार होऊन परत खाली येतं. रेडिएटरच्या टोकाला गोल मूठ असते, तिच्यावर १ ते ५ आकडे. आता आपलं शेत आठवा. विहिरीवर एक मोटर, सबमेन, आणि प्रत्येक प्लॉटच्या तोंडाला एक वॉल. मोटर एकच, पण कांद्याला किती वेळ आणि डाळिंबाला किती वेळ पाणी द्यायचं ते वॉल ठरवतो. झोन हीटिंग म्हणतात ते हेच. एवढं डोक्यात बसलं की निम्मा विषय संपला.

त्या मुठीच्या आत एक कॅप्सूल असते. तिच्यात मेण किंवा द्रव. खोली तापली की तो फुगतो, व्हॉल्व्हमधली पिन दाबतो, पाणी कमी होतं. खोली गार झाली की आकसतो, पाणी वाढतं. वीज नाही, बॅटरी नाही. डेन्मार्कच्या डॅनफॉस कंपनीचे संस्थापक मॅड्स क्लाउसेन यांनी १९४३ मध्ये ही कल्पना पुढे आणली आणि आजही ती जगभर चालू आहे. म्हणजे साधा वॉलसुद्धा पुरेसा हुशार आहे. ३ वर ठेवलात तर खोली साधारण २० अंशांवर थांबते, २ वर १६, ४ वर २४. बर्फाच्या चांदणीचं चिन्ह म्हणजे साधारण ६ अंश, पाईप गोठू नयेत एवढंच.

आपली पोरं तिकडे गेल्या गेल्या काय करतात, तर थंडीने कुडकुडत घरात शिरतात आणि मूठ थेट ५ वर. लवकर तापेल म्हणून. तापत नाही लवकर! १६ अंशांच्या खोलीत ३ वर असो की ५ वर, व्हॉल्व्ह सुरुवातीला जवळपास पूर्णच उघडतो. फरक कुठे थांबायचं याचा. ५ म्हणजे २८ अंशांपर्यंत जा. मग ड्युटीवरून आलेला माणूस झोपून जातो आणि खोली रात्रभर बीडच्या एप्रिलसारखी.

मग स्मार्ट व्हॉल्व्ह जास्तीचं काय करतो? मेणाच्या जागी छोटी मोटर आणि बॅटरी. पिन तीच, दाबणारा वेगळा. फायदा एकच, पण खरा : त्याला घड्याळ कळतं. तुम्ही घरात नसताना तो खोली १७ वर आणतो, यायच्या अर्धा-एक तास आधी २० वर नेतो. तो उष्णता तयार करत नाही, फक्त अडवतो. म्हणून पैसे तेव्हाच वाचतात, जेव्हा खोली रोज बरेच तास रिकामी असते आणि तेवढ्या तासांत तिचं दार बंद असतं. दारं उघडी टाकून 'बेडरूम १७, हॉल २१' असं ॲपमध्ये लिहिलं तर बांध फोडून दोन वाफ्यांना वेगवेगळं पाणी देण्यासारखं आहे. एका खोलीत राहताय, बहुतेक वेळ घरातच असता? मग तुम्हाला स्मार्ट व्हॉल्व्हची गरज नाही. हा भाग इथेच बंद केलात तरी चालेल, मी रागावणार नाही.

बाकीच्यांसाठी आता पैशाचं बोलू. जर्मनीत खोलीची तापमर्यादा एक अंशाने उतरवली की हीटिंगची ऊर्जा साधारण सहा टक्के वाचते असा ढोबळ हिशोब सगळीकडे सांगतात. बरोबर आहे, पण तुमच्या बिलात तो पूर्ण उतरत नाही. सामाईक बॉयलरच्या बिल्डिंगमध्ये हीटिंगच्या खर्चाचा ५० ते ७० टक्के भाग प्रत्येकाच्या वापरावर लावतात, उरलेला घराच्या क्षेत्रफळावर. तिकडचा कायदाच तसा आहे. समजा तुमच्या वाट्याला वर्षाला ८०० युरो हीटिंग येतं. ७० टक्के वापरावर, म्हणजे ५६०. लै काळजीने वापरून त्यातले २० टक्के वाचवले तर ११२ युरो. वाटणी ५० टक्क्यांची असेल तर ८०. आता ॲपवाला चांगला व्हॉल्व्ह ढोबळमानाने ५० ते ९० युरोला एक. चार घेतले, वर हब, की तीनशेच्या आसपास गेलात. तीन-चार वर्षं तरी वसुली. आणि तुमचं पहिलं भाड्याचं घर तीन वर्षं टिकेल याची खात्री आहे का?

म्हणून माझं मत सरळ आहे. नव्याने गेलेल्यांनी ॲप नसलेला, नुसता आठवड्याचं वेळापत्रक लावता येणारा डिजिटल व्हॉल्व्ह आधी बघावा. तो २० युरोच्या आसपास मिळतो. चारांचे ८०. पहिल्या-दुसऱ्या हिवाळ्यातच पैसे परत.

ताईचं मात्र तसं नव्हतं. तिची ड्युटी एक आठवडा पहाटेची, एक दुपारची, मध्येच नाईट. ठरलेलं वेळापत्रक तिला उपयोगाचं नाही. दवाखान्यातून निघताना फोनवरून बेडरूम सुरू करता यावी एवढीच तिची मागणी. अशा माणसाला ॲपवाला व्हॉल्व्ह शोभतो. 'तुम्ही घरातून बाहेर गेलात हे फोन ओळखतो' असली सोयसुद्धा असते, पण काही कंपन्या, उदाहरणार्थ टाडो, ही गोष्ट आपोआप व्हायला महिन्याचे पैसे घेतात. नाहीतर ॲप सूचना देतं आणि बटण तुम्ही दाबायचं. खरेदीआधी ही ओळ शोधा. आणि घरात रूममेट असेल तर दोघांचे फोन त्यात हवेत, नाहीतर तुम्ही ड्युटीवर आणि ती बिचारी घरात गारठलेली.

आता निवड. लोक ब्रँडपासून सुरू करतात. मी म्हणतो, आट्यांपासून सुरू करा. जुनी मूठ जिथे बसते तिथला आटा बहुतेक ठिकाणी 'एम ३० गुणिले १.५' मापाचा असतो. तसा असेल तर जवळपास कोणताही व्हॉल्व्ह बसतो. डॅनफॉसची काही जुनी मॉडेल वेगळी, त्यांना आटा नसून पकड असते. त्यासाठी ॲडॉप्टर लागतो, तो खोक्यात आहे का बघा. ताईने मला फोटो पाठवला तेव्हा तीन रेडिएटर एका जातीचे आणि बाथरूममधला वेगळा निघाला.

मग भाषा, म्हणजे व्हॉल्व्ह कशावर बोलतो ते. नुसत्या ब्लूटूथचा असेल तर घरात असतानाच चालतो. झिगबी, थ्रेड किंवा कंपनीची स्वतःची रेडिओ लहर असेल तर मध्ये हब लागतो. ज्यांच्या घरी फ्रिट्झबॉक्स राउटर आहे, जर्मनीत तो बऱ्याच घरी असतो, त्यांना त्याच कंपनीचे व्हॉल्व्ह राउटरलाच जोडता येतात, वेगळा हब नको. २०२२ मध्ये 'मॅटर' नावाचं सामाईक मानक आलं, त्यामुळे एका कंपनीचा व्हॉल्व्ह दुसरीच्या ॲपमध्ये चालण्याची सोय वाढतेय. याला मी महत्त्व देतो, कारण कंपनी कधी हात वर करेल सांगता येत नाही. गुगलने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये नेस्टच्या पहिल्या दोन पिढ्यांच्या थर्मोस्टॅटचा ॲपशी संबंध तोडला, आणि युरोपात नवीन नेस्ट थर्मोस्टॅट आणणार नाही असंही सांगितलं. भिंतीवरचं यंत्र चालू, फोनवरून बंद. आपल्याकडे मोटरच्या मोबाईल स्टार्टरचं सिमकार्ड बंद पडलं की शेतकरी पुन्हा रात्री बॅटरी घेऊन विहिरीवर जातोच ना, तसं. म्हणून इंटरनेट नसतानाही हाताने फिरवता येतो असाच व्हॉल्व्ह घ्या.

दोन बारीक गोष्टी दुकानदार सांगत नाही. एक, आवाज. मोटर पिन ढकलते तेव्हा घर्रर्र होतं. दिवसा कळत नाही, पण नाईट करून सकाळी झोपणाऱ्याला कळतं. दुसरी, सेन्सर. तो रेडिएटरलाच चिकटलेला असतो. चुलीशेजारी बसलेल्याला 'बाहेर थंडी किती?' विचारल्यासारखं. वर जाड पडदा किंवा पुढे सोफा असेल तर व्हॉल्व्हला वाटतं खोली तापली, आणि तुम्ही गारठता. बऱ्याच मॉडेलमध्ये दोन-तीन अंशांची दुरुस्ती करता येते, किंवा पलंगाजवळ वेगळा सेन्सर ठेवता येतो.

भिंतीवरचा थर्मोस्टॅट हवा का? तळघरात सामाईक बॉयलर असेल तर नको. तो बॉयलर घरमालकाचा, तुमच्या हातात फक्त वॉल. पण तुमच्या फ्लॅटमध्येच गॅसचा बॉयलर टांगलेला असेल, इंग्लंडमध्ये तर घरोघरी तसंच, तर गोष्ट बदलते. तिथे हॉलमधला थर्मोस्टॅट बॉयलरला चालू-बंद सांगतो. हॉल तापला, बॉयलर थांबला, आणि बेडरूमचा स्मार्ट व्हॉल्व्ह उघडं तोंड करून वाट बघत बसला! पाणीच गरम नाही तर तो काय करणार? अशा घरात व्हॉल्व्ह आणि थर्मोस्टॅट एकाच कंपनीचे घ्या, म्हणजे कोणतीही खोली बॉयलरला हाक मारू शकेल. आणि सगळे व्हॉल्व्ह एकदम बंद झाले तर? मोटर चालू आणि सगळे वॉल बंद केल्यावर काय होतं ते ठिबकवाल्याला विचारा. म्हणून अशा घरात एखादा रेडिएटर, बहुधा बाथरूमचा, मोकळा ठेवतात किंवा बायपास असतो. तो बंद करायला जाऊ नका. जमिनीखालची हीटिंग असेल तर हे व्हॉल्व्ह तिथे चालतच नाहीत, आणि ती इतकी सावकाश तापते की तासातासाने वर-खाली करण्यात अर्थ नाही.

आता मुख्य धोका. पहिल्या हिवाळ्यात ताईने पैसे वाचवायला बेडरूमची मूठ चांदणीवर ठेवली होती. पांघरुणं दोन घ्यायची, झालं. स्वयंपाक रोज, कुकरच्या शिट्ट्या, धुतलेले कपडे घरातच वाळत. ती सगळी वाफ सगळ्यात गार खोलीत जाऊन बसली. जानेवारीत कपाट सरकवलं तर मागच्या कोपऱ्यात काळी बुरशी. व्हिडिओ कॉलवर मला दाखवत म्हणाली, "अरे, वीस-पंचवीस युरो वाचवले असतील, आता डिपॉझिट जातंय बघ." तिकडे डिपॉझिट तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकं असू शकतं. ती बुरशी तिने औषध लावून काढली, पण ते दोन महिने तिला झोप नव्हती.

म्हणून स्मार्ट व्हॉल्व्ह बसवल्यावर मी पहिली गोष्ट काय केली, तर खालची मर्यादा १६ ला अडकवली. कोणतीही खोली, कोणतीही वेळ, त्याखाली नाही. जर्मनीचं पर्यावरण खातं हॉलला २०, स्वयंपाकघराला १८, बेडरूमला १७ अंश सुचवतं. तिथूनच सुरुवात केली. दुसरी, श्टोसलुफ्टन. म्हणजे दिवसातून दोन-तीनदा खिडक्या सताड उघडून पाच-दहा मिनिटं हवा बदलायची, दिवसभर खिडकी तिरकी उघडी ठेवायची नाही. तापमान एकदम पडलं की स्मार्ट व्हॉल्व्ह ओळखतो आणि तेवढा वेळ पाणी थांबवतो. ही सोय मात्र मला मनापासून आवडली. तिसरी, दीडशे रुपयांत मिळतो तसला आर्द्रता मोजायचा छोटा डबा. साठ टक्क्यांच्या वर आकडा रेंगाळला की खिडकी उघड, असं ताईला सांगून ठेवलंय.

बसवायला प्लंबर लागत नाही. जुनी मूठ आधी ५ वर न्या, म्हणजे पिन मोकळी होते. मग मागचं नट पान्याने सैल करा. पाणी येत नाही, कारण व्हॉल्व्हचं अंग पाईपवरच राहतं, निघते ती फक्त मूठ. पहिल्यांदा ताई बादली धरून बसली होती! नवीन व्हॉल्व्ह हाताने घट्ट करा, बॅटरी घाला, तो स्वतः पिन किती सरकते ते मोजून घेतो. रिचार्जेबल सेल बऱ्याच मॉडेलना चालत नाहीत, साधे अल्कलाइन घाला. रेडिएटरवर मधोमध चिकटवलेला एक छोटा पांढरा मीटर असतो, त्याला हात लावू नका. वापराचा हिशोब त्याच्यावरच चालतो.

घरमालकाला आधी एक मेल टाका. आणि काढलेल्या चारही जुन्या मुठी पिशवीत घालून, कुठली कुठल्या खोलीची ते चिठ्ठीवर लिहून तळघरात ठेवा. घर सोडताना त्या परत बसवायच्या असतात, आणि तुमचे नवीन व्हॉल्व्ह तुमच्यासोबत पुढच्या घरी.