बहिणीची सही आणि आपले मौन

वालिदांच्या इंतकालाला चाळीस दिवस झालेले असतात. बहीण सासरहून आलेली असते. जेवणे होतात, दुआ होते आणि चहाबरोबर एक कागद पुढे येतो. "आपा, इथं फक्त सही करा. तलाठ्याकडे नोंद करायची आहे. तुम्हाला उगाच खेपा नकोत." आपा कागद वाचत नाही; भावाने सांगितले ते तिला पुरेसे असते. दुसऱ्या दिवशी तिला गाडीत बसवून दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नेतात. तिथे अंगठा होतो, फोटो होतो. येताना भावजय तिला एक साडी देते. तो कागद हक्कसोडपत्राचा असतो.

या प्रसंगात कोणी आवाज चढवलेला नाही, कोणी धमकी दिलेली नाही. भाऊ पाच वक्त नमाजी आहे, मोहल्ल्यात त्याला मान आहे. म्हणूनच आपल्याला इथे काही वाईट घडले असे वाटत नाही. वाईटपणा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे चोर, दंगेखोर, खुनी येतात. आपल्याच दिवाणखान्यात, गोड शब्दांत, चहाच्या कपासोबत होणारा जुल्म आपल्याला ओळखू येत नाही.

हा प्रश्न आजचा नाही. उहुदच्या लढाईत हजरत साद बिन रबी (रजि.) शहीद झाले. त्यांच्या भावाने सगळी मालमत्ता ताब्यात घेतली. तेव्हा सादची विधवा दोन मुलींना घेऊन प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आली आणि म्हणाली की या मुलींच्या हाती काहीच उरले नाही. त्यानंतर वारशाची आयत उतरली. प्रेषितांनी त्या काकाला बोलावून सांगितले, मुलींना दोन तृतीयांश द्या, त्यांच्या आईला एक अष्टमांश द्या आणि उरेल ते तुमचे. एका आईने तक्रार केली, ती ऐकली गेली आणि निवाडा झाला. तक्रार करणाऱ्या बाईला कोणी लोभी म्हटले नाही.

आपल्या मुंबईचा इतिहासही आठवावा. 1847 साली खोजा आणि मेमन घराण्यांतल्या मुलींनी कुरआनप्रमाणे वाटा मागितला. न्यायालयाने जमातीच्या रूढीला मान दिला आणि मुलींचा दावा फेटाळला. अशा रूढी दूर करण्यासाठी पुढे 1937 चा शरीअत कायदा आला. त्या कायद्यात शेतजमीन वगळली गेली, म्हणून शेताच्या बाबतीत जाणकार वकिलाला विचारूनच पाऊल टाकावे. अल्लाहसमोरच्या हिशेबात मात्र शेत वेगळे आणि फ्लॅट वेगळा असे नसते.

हिशेब तसा अवघडही नाही. समजा, एका गृहस्थाच्या मागे पत्नी, दोन मुलगे आणि एक मुलगी आहे. त्याचे आईवडील आधीच वारले आहेत. दफनाचा खर्च, कर्ज, पत्नीचा राहिलेला मेहर आणि वसियत असल्यास ती, हे सारे वजा जाता 40 लाख उरले. पत्नीचा आठवा हिस्सा 5 लाख. उरलेल्या 35 लाखांचे पाच भाग. प्रत्येक मुलाला दोन भाग, म्हणजे 14 लाख. मुलीला एक भाग, म्हणजे 7 लाख. मुलाला दुप्पट मिळते हे आपल्याला तोंडपाठ असते. मुलीला एक भाग मिळतो, हे त्याच आयतीत आहे आणि ते मात्र आपण विसरतो.

विसरायला सबबी तयार असतात. "तिच्या लग्नात एवढा खर्च केला." पण बाप हयात असताना वारसा निर्माणच होत नाही. मग लग्नखर्च हा वारशाचा आगाऊ हप्ता कसा ठरेल? मुलाच्या शिक्षणाचा खर्च कोणी त्याच्या वाट्यातून कापतो का? दुसरी सबब, "तिला सासरी काय कमी आहे?" सूरह अन-निसाच्या सातव्या आयतीचा अर्थ असा आहे की मालमत्ता थोडी असो वा जास्त, पुरुषांचा आणि स्त्रियांचा त्यात ठरलेला हिस्सा आहे. तिथे गरजेची अट नाही. तिसरी सबब सर्वांत गोड असते, "तिनं स्वतःच सोडलं." ती खरी की खोटी, हे पारखता येते. बहिणीला एकूण मालमत्ता किती, हे आकड्यांत सांगितले होते का? विचार करायला वेळ दिला होता का? नाही म्हटले तर माहेर तुटेल, अशी भीती तिच्या मनात होती का? हिस्सा आधी तिच्या हातात द्या, तिच्या नावावर करा. मग चार महिन्यांनी तिने खुशीने भावाला भेट दिली तर ती भेट. हातात न देताच सोडून घेतलेला हक्क ही भेट नव्हे.

अशा वेळी आपण काय करावे? प्रेषितांची (स.) शिकवण अशी की वाईट दिसले तर हाताने बदला, ते जमत नसेल तर जिभेने आणि तेही जमत नसेल तर मनात तरी ते वाईट माना. ज्याच्या हातात कागद आहेत त्या भावासाठी पहिली पायरी आहे. त्याने सातबारा, बँकेचे पासबुक, घराचे कागद सगळ्यांपुढे ठेवावेत. साक्षीदार म्हणून बोलावलेले मामू, चाचा आणि जमातीतले बुजुर्ग यांनी सहीआधी एकच प्रश्न विचारावा, "बेटी, तुझा हिस्सा किती होतो ते तुला ठाऊक आहे का?" एवढ्या प्रश्नानेही पुष्कळ घरांतला कागद घडी होऊन खिशात जाईल. भावजयींनीही आठवावे की त्याही कोणाच्या तरी बहिणी आहेत. आणि ज्यांना बोलता येत नाही, त्यांनी निदान त्या बैठकीला 'सगळं प्रेमानं मिटलं' असे म्हणू नये. मनाला टोचणारा काटा मन जिवंत असल्याची खूण आहे. तो काढून टाकू नये.

जालिम भावालाही मदत करा, असे प्रेषितांनी (स.) सांगितले. ती कशी करायची, असे विचारल्यावर उत्तर मिळाले की त्याला जुल्मापासून रोखा. म्हणजे बहिणीच्या बाजूने बोलणारा माणूस भावाचा शत्रू होत नाही. आखिरतमध्ये त्याच्या मानेवर येणारे ओझे तो आजच उतरवून देत असतो.

हे लिहिताना आम्हीही स्वतःला विचारले. आमच्या घरात आमच्या फूफींचा हिस्सा दिला गेला होता का? उत्तर शोधायला जुने कागद काढावे लागले. वाचकांनीही या महिन्यात आपापली पेटी उघडावी. फूफी हयात असेल तर तिच्याकडे जावे, ती नसेल तर तिच्या मुलांकडे. उशीर झाला तरी हक्क शिळा होत नाही. अल्लाह आपल्याला हिशेबाच्या दिवसाआधी हिशेब करण्याची तौफीक देवो. आमीन.