पाठ्यपुस्तकाला मोबाईलची जोड

खडू, फळा, नकाशा आणि पाठ्यपुस्तक ही शाळेची जुनी साधने होत. कालांतराने त्यांच्या जोडीला रेडिओ व दूरचित्रवाणी आली; आता मोबाईल आला आहे. मात्र शाळेने स्वीकारण्यापूर्वीच तो घरोघरी पोहोचला होता. म्हणून तो कोणत्या कामासाठी, कोणाच्या देखरेखीखाली वापरला जातो आणि त्यात कोण मागे राहतो, याचा विचार शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य या सर्वांनीच करणे अगत्याचे आहे.

पुस्तकातील क्यूआर संकेत

पाठ्यपुस्तकांत छापलेली काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची चौकोनी आकृती म्हणजे क्यूआर संकेत. जपानमध्ये १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी तो तयार करण्यात आला. आकृतीच्या तीन कोपऱ्यांतील मोठ्या चौकोनांवरून कॅमेऱ्याला तिची दिशा कळते. उरलेल्या भागात बहुधा एखाद्या संकेतस्थळाचा पत्ता साठवलेला असतो. आकृतीचा थोडा भाग मळला वा फाटला तरी ती वाचता यावी, अशी सोय तिच्या रचनेतच आहे. मुलांच्या हाताळणीतील पुस्तकांसाठी ही सोय मोलाची होय.

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले या शिक्षकांनी या संकेतांचा अध्यापनात उपयोग केला. कविता, गोष्टी व स्वाध्याय त्यांनी पुस्तकाशी जोडले. २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा दहा लाख डॉलरचा पुरस्कार त्यांना मिळाला व त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांसाठी दिली. पाठ्यपुस्तकांतील संकेतांमागचे साहित्य पुरविणारा ‘दीक्षा’ हा राष्ट्रीय मंच २०१७ च्या शिक्षकदिनी सुरू झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. संकेतात केवळ पत्ता असतो. पाठ दूरच्या संगणकावर असतो. जेथे इंटरनेट क्षीण आहे, तेथे शिक्षकाने साहित्य आदल्या दिवशीच मोबाईलवर उतरवून घ्यावे. ‘दीक्षा’मध्ये तशी सोय आहे.

समाजमाध्यमांचा उपयोग

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्यावर व्हॉट्सॲपवरील पालक-शिक्षक गट अनेक गावांत अध्यापनाचा आधार ठरले. त्या अनुभवातून घेण्याजोगे पुष्कळ आहे. शिक्षकाने कवितेची ध्वनिफीत पाठवावी. मुलाने ती ऐकून स्वतःचे वाचन ध्वनिमुद्रित करून परत पाठवावे. चाळीस मुलांच्या वर्गात एका तासिकेत प्रत्येकाचे वाचन ऐकणे शक्य नसते. या रीतीने ते साधते. विज्ञानाच्या तासाला पेरलेल्या मटकीची रोजची छायाचित्रे क्रमाने मांडून अंकुरण शिकविता येते. मात्र शुभेच्छांच्या आणि इकडच्या तिकडच्या संदेशांत पाठ हरवू नये, यासाठी गटाचा हेतू व संदेशांची वेळ ठरलेली असावी.

दक्षता

युनेस्कोच्या २०२३ च्या जागतिक शिक्षण अहवालाने मोबाईलमुळे वर्गातील एकाग्रता भंगते, याकडे लक्ष वेधले आहे. त्यामुळे प्राथमिक वर्गात साधन शिक्षकाच्या हाती असावे, काम होताच ते बाजूला ठेवावे, हेच श्रेयस्कर. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ मध्ये केलेल्या कायद्यात १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून, तिच्या माहितीच्या वापरासाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व स्वीकारले आहे. मुलांची छायाचित्रे व गुण गटावर टाकण्यापूर्वी याचे स्मरण असावे.

मागे राहणारे मूल

ग्रामीण भारताविषयीच्या ‘असर’ २०२४ या पाहणीत १४ ते १६ वयोगटातील सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन आढळला. तो वापरता येणाऱ्यांपैकी ५७ टक्क्यांनी आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी त्याचा वापर केला होता. वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी सुमारे ३६ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींत हे प्रमाण सुमारे २७ टक्के होते. शिवाय घरी फोन असणे म्हणजे तो मुलाला मिळणे नव्हे. मजुरीस जाणाऱ्या बापाच्या खिशातील फोन सायंकाळीच घरी येतो. म्हणून मोबाईलवर दिलेला प्रत्येक स्वाध्याय वही-पुस्तकावरही करता येईल असाच असावा.

या बाबतीत ग्रामपंचायत व शाळा व्यवस्थापन समिती यांना बरेच करता येईल. शाळेच्या मालकीची दोन-तीन उपकरणे, ती भारित करण्यासाठी खात्रीची वीज, इंटरनेट जोडणी आणि सायंकाळी मोठ्या माणसाच्या देखरेखीखालील अभ्यासिका यांचा गावाच्या विकास आराखड्यात समावेश करावा. ज्याच्या घरी फोन नाही, त्या मुलालाही तोच पाठ तितक्याच सुलभतेने मिळू लागला, तरच या साधनाचा शाळेला खरा लाभ झाला असे म्हणता येईल.