हिमाच्छादित वाटांवरील सायकलिंग : टायरमधील हवेच्या दाबाचे महत्त्व

प्रस्तावना :
अमेरिकेतील अलास्का राज्यात हिवाळ्यात नद्या गोठतात व स्नोमोबाईल आणि कुत्र्यांच्या घसरगाड्यांच्या वर्दळीने बर्फात वाटा तयार होतात. अशा वाटांवर १९८७ मध्ये 'इडिटाबाईक' ही सायकल शर्यत प्रथम झाली.

विवेचन :
सायकल बर्फात रुतणे हे केवळ वजनावर नव्हे, तर ते वजन किती क्षेत्रफळावर विभागले जाते यावर अवलंबून असते. टायरचा पृष्ठभागावरील दाब स्थूलमानाने त्यातील हवेच्या दाबाइतका असतो. स्वारासह एकूण वजन २०० पौंड मानल्यास, दर चौरस इंचास ३० पौंड दाब असताना दोन्ही टायर मिळून सुमारे ७ चौरस इंच जागेवर टेकतात. दाब ५ पौंडांवर आणल्यास हीच जागा ४० चौरस इंच होते. मात्र अरुंद टायरमधील हवा इतकी कमी केल्यास रिमला धक्के बसतात. यातूनच रुंद रिम व रुंद टायर यांची गरज निर्माण झाली. २००५ मध्ये ३.७ इंची टायरची 'सर्ली पग्स्ली' बाजारात आली.

तथापि रुंद टायर सर्वसमर्थ नाही. दाबलेल्या बर्फाचे कण थंडीत परस्परांना जोडले जातात व वाट कठीण होते. ऊन वाढताच ती भुसभुशीत होते. अशा वेळी उमटलेली खोल चाकोरी रात्री गोठून मागून येणाऱ्यास घातक ठरते. शिवाय सायकल ढकलताना घामाने भिजलेले कपडे शरीराचे तापमान धोकादायकरीत्या घटवू शकतात.

निष्कर्ष :
चाक खोल रुतू लागताच परत फिरणे, हे स्वार आणि वाट या दोहोंच्या हिताचे ठरते.