चिखलदऱ्याची कॉफी: धुक्यात जाऊ नका, थंडीत जा

चहाचे मळे बघायचे तर नागपूरकराला मुन्नारचं नाहीतर दार्जिलिंगचं तिकीट काढावं लागतं. कॉफीचं तसं नाही. अमरावती, परतवाडा आणि त्यापुढचा घाट ओलांडला की चिखलदरा. समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 मीटर उंचीवरची ही जागा 1823 मध्ये हैदराबाद पलटणीतल्या कॅप्टन रॉबिन्सनने हेरली, आणि पुढे इंग्रजांनीच इथे कॉफी आणली.

मग चहा का नाही? चहाचं पीक म्हणजे कोवळी पालवी. ती सतत फुटत राहायची तर वर्षातले बहुतेक महिने जमिनीत ओल हवी. आपला पाऊस चार महिने कोसळतो आणि पाठ फिरवतो. पुढे दिवाळीपासून जूनपर्यंत कोरडंच. खुडायला पालवी येणार कुठून?

कॉफीचं पीक मात्र पान नव्हे, फळ. आणि तिला हा कोरडेपणा उलट लागतोच. वाटेतल्या संत्र्याच्या बागायतदाराला हे सांगावं लागत नाही. बहार धरायचा तर तो झाडाचं पाणी तोडतो, ताण देतो, मग पाणी सोडतो. चिखलदऱ्यात हा ताण हिवाळा आणि उन्हाळाच देतात. कळ्या फांदीवर दबून बसतात, उन्हाळी सरीची वाट पाहत. सर पडली की आठ-दहा दिवसांत झुडूप पांढऱ्या फुलांनी भरतं. वास थेट मोगऱ्याच्या घराण्यातला, पण दोन-चार दिवसांचाच. ते दिवस आधी सांगून येत नाहीत, त्यामुळे फुलं बघायला मिळाली तर ते नशीब.

उन्हाचं काय? विदर्भाच्या सपाटीवरचं ऊन कॉफीला करपवून टाकेल. उंचीमुळे थोडा गारवा मिळतो; उरलेलं काम बागेतली उंच झाडं करतात. म्हणूनच ही बाग दुरून ओळखू येत नाही. चहाच्या मळ्यासारखे कातरलेले हिरवे उतार शोधाल तर फसाल. इथे आधी दिसतं ते जंगल, आणि त्याच्या सावलीत गडद, चकचकीत पानांची झुडपं.

आता हंगाम. नागपूरहून गाड्या लोटतात त्या जुलै-ऑगस्टात, धुक्यासाठी. तेव्हा झुडपावर असतात हिरवीगार, कडक फळं. त्यांत बघण्यासारखं काही नाही. शिवाय पर्यटकाला आवडणारं धुकं बागवाल्याला फारसं आवडत नाही. ओल्या पानावर तांबेरा चढतो. श्रीलंकेत 1869 मध्ये हाच रोग दिसला आणि काही वर्षांत तिथली कॉफी बसली. बेटावर चहा पसरला तो त्या पडझडीनंतर. यावरचं एक जुनं औषध संत्रावाल्यांच्याही ओळखीचं आहे: बोर्डो मिश्रण.

फळं लाल होतात थंडीत, साधारण नोव्हेंबरपासून जानेवारीपर्यंत. जायचं ते तेव्हा. एकाच फांदीवर लाल आणि हिरवी फळं शेजारी असतात, म्हणून तोडणी हातानेच आणि पुन्हा पुन्हा. बागा खाजगी आहेत. विचारून आत जावं. मालकाने दिलं तर एक लाल फळ चोखून बघा: पातळ, गोडसर गर आणि आत पोटाला पोट लावलेल्या दोन बिया.

पुढचं काम दोन तऱ्हांनी होतं. सोपी तऱ्हा म्हणजे अख्खं फळ उन्हात वाळवायचं, खडखड वाजेपर्यंत, आणि मग साल फोडायची. दुसरीत साल यंत्राने आधीच काढतात; बीवरचा बुळबुळीत थर साधारण एक-दीड दिवस आंबवून धुतात आणि मग बी वाळवतात. अशा बीची कॉफी चवीला जास्त स्वच्छ लागते, पण तिला पाणी भरपूर लागतं. पाच-सहा किलो फळांतून हाती येतं जेमतेम किलोभर बी. ते फिकट हिरवं, आणि त्याला कॉफीचा वास जवळजवळ नाहीच. तो येतो भाजल्यावर.

पूड विकत घेताना पुडक्यावर चिकोरीचं प्रमाण वाचा. मिश्रणात निदान 51 टक्के कॉफी असावी असा नियम आहे, म्हणजे उरलेली जवळजवळ निम्मी चिकोरी असली तरी ते कायदेशीरच. पूड सुटी मिळाली तर चिमूटभर थंड पाण्यावर टाकून थोडा वेळ बघा. कॉफी तरंगत राहते. चिकोरी लगेच तपकिरी रेघा सोडत तळाला जाते.