दुधाच्या स्टेनलेस स्टील भांड्यांची निगा

धार काढण्याची चरवी आणि दूध केंद्रावर नेण्याची किटली निर्मळ नसेल, तर उत्तम जनावराचे निर्भेळ दूधही नासते व केंद्रावरून परत येते. पितळेच्या भांड्यास वरचेवर कल्हई करावी लागते, प्लॅस्टिकवर चरे पडून त्यांत दुधाचा अंश राहतो. स्टेनलेस स्टीलचा पृष्ठभाग गुळगुळीत असल्याने ते धुण्यास सोपे असते. परंतु हे पोलाद कधीच गंजत नाही, ही समजूत बरोबर नव्हे.

या पोलादात लोखंडाबरोबर किमान १०.५ टक्के क्रोमियम असते. हवेतील प्राणवायूशी क्रोमियमचा संयोग होऊन भांड्यावर डोळ्यांना न दिसणारा पातळ थर तयार होतो. तोच आतील लोखंडाचे रक्षण करतो. ओरखडा पडला तरी हवा लागताच हा थर पुन्हा भरून येतो. मात्र मीठ, ओल किंवा घाण साचून राहिल्यास तो भंगतो व तेथे बारीक खड्डे पडतात.

दुधासाठी ३०४ प्रतीचे भांडे घ्यावे. त्यात सुमारे १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असते. २०० मालिकेतील स्वस्त पोलादात निकेल कमी असून ते लवकर डागाळते. या दोहोंनाही लोहचुंबक सहसा चिकटत नाही. म्हणून केवळ चुंबकाच्या परीक्षेवर न विसंबता पावतीवर प्रत लिहून घ्यावी.

निगा पुढीलप्रमाणे राखावी :

(१) भांडे रिकामे होताच थंड अथवा कोमट पाण्याने विसळावे. आधीच उकळते पाणी घातल्यास दुधातील प्रथिने चिकटून बसतात.

(२) नंतर गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून काठ, जोड व झाकण ब्रशने घासावे.

(३) स्वच्छ पाण्याने धुऊन भांडे मांडणीवर उपडे ठेवावे. ओल्या किटलीस झाकण लावू नये.

(४) क्षारांचा पांढुरका थर दिसल्यास लिंबाच्या सत्त्वाच्या पाण्याने तो काढावा व भांडे पुन्हा धुवावे.

(५) लोखंडी तारेची घासणी वापरू नये. तिचे कण भांड्यास चिकटून गंजतात.

(६) ब्लीचिंग पावडरचे पाणी भांड्यात साठवून ठेवू नये. त्यातील क्लोरीनमुळे खड्डे पडतात. हे पाणी लिंबाच्या सत्त्वात कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी वायू निघतो.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी दूध केंद्रावर हे प्रात्यक्षिक करून दाखवावे. धुण्यातील ही दक्षता रोज दोन्ही वेळा पाळली, तर भांडे अनेक वर्षे टिकेल आणि कष्टाने काढलेल्या दुधाचे पूर्ण मोल पदरात पडेल.