गाडी लागली, गाडी सुटली

आमच्या सोनाळ्यात रेल्वे नाही. सातपुड्याच्या पायथ्याचं, संग्रामपूर तालुक्यातलं हे गाव. आगगाडीत बसायचं तर शेगाव नाहीतर अकोट गाठावं लागतं. अकोला-खंडवा मार्ग मेळघाट व्याघ्र प्रकल्पाला वळसा घालून न्यायचं ठरलं, तेव्हा नव्या आखणीत सोनाळ्याचं नाव आलं. पण गाडी येईल तेव्हा येईल. तोवर इथल्या लहान पोरांची आगगाडी पुस्तकातच धावते.

माझी नात साडेतीन वर्षांची. चित्रातल्या इंजिनावर बोट ठेवून तिनं विचारलं, "दादा, इसका स्टेरिंग कां है?" घरात आम्ही उर्दू, हिंदी आणि वऱ्हाडीची मिसळ बोलतो, पण प्रश्न कुठल्याही भाषेत पक्काच होता. जीप, एस.टी., ट्रॅक्टर, तिनं पाहिलेल्या प्रत्येक मोठ्या गाडीला स्टेअरिंग असतं. हिला का नाही? मग मी ताट आणून त्याची कड दाखवली. आगगाडीच्या चाकाला आतल्या बाजूनं अशीच कड असते, म्हणून ते रूळ सोडत नाही. रूळ वळले की गाडी वळते. तिला किती कळलं कोण जाणे, पण त्या दिवशी घरातली सगळी ताटं उभी करून झाली.

वाहनांच्या चित्रपुस्तकाची खरी गंमत ही. इथं पोर कोरं येत नाही, रस्त्यावरून बरंच काही शिकून येतं. आमच्या जुन्या अंकलिपीत ज जहाजाचा आणि र रथाचा. वऱ्हाडातल्या पोरानं जहाज कुठं पाहायचं? त्यानं पाहिलेली असते बैलबंडी, काळीपिवळी जीप आणि माल वाहणारा तो 'छोटा हत्ती'. हत्तीला चाकं कशी, यावर अर्धा तास सहज जातो.

आपण मोठी माणसं मात्र पुस्तक उघडलं की परीक्षा घ्यायला बसतो. "हे काय? ते काय?" पोर "बस" म्हणतं, आपण पान उलटतो. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं सहकाऱ्यांसह 1988 साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांना त्यांनी एवढंच शिकवलं, की हो-नाहीवर संपणारे प्रश्न विचारू नका, मुलालाच सांगू द्या, आणि ते जे बोलेल त्यात दोन शब्द घालून परत त्याला द्या. महिनाभरात ती मुलं बोलण्यात इतरांच्या पुढं गेली. पुस्तकं दोन्हीकडं वाचली जात होती. फरक पडला तो गप्पांच्या पद्धतीमुळे. पोर ट्रॅक्टरला बस म्हणालं तर "चूक" म्हणू नये. "हो, बससारखीच मोठी चाकं आहेत, पण हा ट्रॅक्टर, हा नांगर ओढतो," एवढं पुरे.

मी कविता लिहिणारा माणूस, त्यामुळं माझा कान क्रियापदांकडं जातो. नावं सगळेच शिकवतात. पण बंडी जुंपतात, सायकल हाणतात, जीप चालवतात. गाडी सुटते, चुकते, मिळते, भरते, फसते, पलटते. स्टँडवर गाडी लागते आणि घाटात एखाद्याला गाडी 'लागते', ती वेगळीच! वर चढणं, खाली उतरणं, आत बसणं, मागं लटकणं हे एका चित्रावर बोट फिरवत पोराच्या तोंडी बसतं. व्याकरण म्हणून पुढं तेच शिकवायला किती वर्षं जातात, बघा.

मला यात मोलाचं वाटतं ते वेगळंच. सोनाळ्याच्या आसपास घरची भाषा एक नाही. कुणाची वऱ्हाडी, कुणाची आमच्यासारखी, डोंगराकडच्या वस्त्यांत कोरकू, भिलाली. ही मुलं शाळेत येतात आणि पुस्तकी मराठीपुढं गप्प होतात. गप्प पोराला लोक मठ्ठ समजतात, आणि हळूहळू तेही तसंच समजू लागतं. पण टायर, ब्रेक, हॉर्न, डिझेल हे शब्द साऱ्यांचेच आहेत. 'गाडी' तर उर्दूतही गाडीच. गाडीच्या पानावर कुणी परका राहत नाही. तिथं तोंड उघडलं की पुढचे मराठी शब्द त्याच वाटेनं येतात.

अमरावतीत संसार केलेल्या ताराबाई मोडकांनी हे फार आधी ओळखलं होतं. 1945 साली बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडला अनुताई वाघांसोबत काम करताना त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. परिसरातले शंख, खडे, पानं हीच साधनं केली.

आता पुस्तकंही दुर्मिळ नाहीत. नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त पुस्तकं आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर 2015 पासून मराठी चित्रकथा फुकट वाचता येतात. मोबाईलवर गाड्यांचे व्हिडिओही आहेत म्हणा. पण व्हिडिओ पोराच्या उत्तरासाठी थांबत नाही.

आणि काहीच नसलं, तर लग्नपत्रिकांचे जाड कागद घ्या. जुन्या पेपरातल्या जाहिरातींतून ट्रक, मोटारसायकली, ट्रॅक्टर कापून खळीनं चिकटवा, कडेला दोऱ्यानं शिवा. एक पान कोरं ठेवा. आमच्या घरच्या पुस्तकात त्या पानावर नातीनं स्वतःच एक आगगाडी काढली आहे. तिला स्टेअरिंग आहे. मी खोडायला सांगितलेलं नाही.